गाण्याची मात्रा

आपल्याकडे डॉक्टर नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तुम्ही चारचौघांत नुसते शिंका, निदान तिघे तरी काढा सांगतात. पाठीत उसण भरली म्हणा, लगेच एक जण 'विटेचा शेक घ्या' म्हणून मोकळा होतो आणि दुसरा 'शेक? भलतंच! बर्फ लावा, बर्फ!' म्हणून त्याच्या अंगावर धावून जातो. मग त्या दोघांचं जुंपतं आणि आपली उसण आपण तशीच घेऊन घरी येतो. ह्या घरगुती बटव्यात अलीकडे एका औषधाची भर पडली आहे. ते औषध म्हणजे गाणं.

तुमचं मन जरा उदास आहे एवढं कुणाला कळायचा अवकाश, मोबाइलवर टुंग करून एक गाणं येऊन पडतं. खाली मजकूर : 'हे ऐका. एकदम फ्रेश वाटेल.' काय होतंय, कधीपासून होतंय, झोप लागते का, जेवण जातं का, हे वैद्यानं विचारायचे प्रश्न कुणी विचारीत नाही. नाडी बघितलेली नाही, जीभ बघितलेली नाही, थेट पुडी हातात! बढती हुकलेल्याला आणि दिवाळं निघालेल्याला एकच गाणं. बरं, न ऐकावं तर दुसऱ्या दिवशी चौकशी होते, "ऐकलंत का? काय वाटलं?" आपण 'छान वाटलं' म्हणतो. आजारी माणसाला सगळ्यांत जास्त खोटं बोलावं लागतं ते औषध सुचवणाऱ्यांशी.

गाण्यानं मनाला बरं वाटतं ह्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते औषध आहे ना, मग त्याला औषधाचे नियम लावा. आपल्या भाषेनं तर ही सोय आधीच करून ठेवली आहे. तबलजी मोजतो तीही मात्रा आणि वैद्य सहाणेवर उगाळून मधात चाटवतो तीही मात्राच. दोन्हीकडे हिशेब चुकला की घोटाळा.

माझा एक भाचा आहे. ह्या बाबतीत तो अगदी पद्धतशीर. त्याच्या मोबाइलमध्ये आयुर्वेदिक दुकानातल्या बरण्यांसारखी गाण्यांची मांडणी आहे. अभ्यासाची गाणी, व्यायामाची गाणी, पावसाची गाणी, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर ऐकायची गाणी आणि नाही मिळाली तर ऐकायची गाणी. एकदा त्याची ती यादी बघत होतो. खाली ओळीनं लिहिलेलं, 'ब्रेकअप एक', 'ब्रेकअप दोन', 'ब्रेकअप तीन'. मी जरा काळजीनं विचारलं, "अरे, तिसरं कधी झालं?"

"मामा, ब्रेकअप एकच झालंय," तो म्हणाला, "पण गाणी दोन बरण्यांत मावली नाहीत."

हसू येतं खरं. पण मला त्याचं कौतुकही वाटतं. निदान स्वतःचं औषध तो स्वतः निवडतो. आमच्या लहानपणी ही चैन नव्हती. रेडिओ म्हणजे घरातला एक वडीलधारा होता. त्याच्या अंगावर विणलेलं झाकण असे, त्याच्या नावानं दरवर्षी पोस्टात लायसन्सचे पैसे भरायचे, आणि तो सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं. तुम्हांला आनंद झालेला असो की तुम्ही गणितात नापास झालेले असा, साडेसहाला शेतकऱ्यांसाठी खतांची माहिती लागली की लागली.

सरकारनंही एकदा अख्ख्या देशाला गाण्याचा काढा पाजून पाहिला होता. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. स्वतः शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. सिनेमातली गाणी जनतेच्या प्रकृतीला मानवत नाहीत असं त्यांचं निदान झालं आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्यांच्या जागी शास्त्रीय संगीताचा डोस वाढला. हेतू उत्तम, औषधही उत्तम. पण रोगी जो पळाला तो समुद्र ओलांडून थेट सिलोनला! त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता देशभरातले रोगी सिलोन स्टेशनाची सुई शोधू लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनंच विविध भारती सुरू केली आणि पळालेली मंडळी हळूहळू घरी परतली. शुद्ध तूपसुद्धा नाक दाबून पाजलं तर पोर ओकतं, एवढाच ह्यातला धडा.

मग फर्माइशीचे कार्यक्रम आले. मुंबई केंद्रावर 'आपली आवड' लागायची. तिकडे हिंदीत झुमरीतलैया नावाच्या गावानं तर फर्माइशी पाठवण्याचा धंदाच आरंभला होता. तेव्हाच्या बिहारमधलं, आताच्या झारखंडमधलं हे गाव अभ्रकाच्या खाणींमुळे भूगोलात आहे. पण लोकांना माहीत झालं ते पोस्टकार्डांमुळे. ह्या औषधाची एकच अडचण होती. कार्ड टाकल्यापासून गाणं लागेपर्यंत इतके दिवस जायचे, की दुखणं एक तर आपोआप बरं व्हायचं किंवा बदलायचं. आमच्या आळीतल्या एका मुलानं विरहगीतासाठी कार्ड टाकलं होतं. ते गाणं त्याच्या नावासकट लागलं तेव्हा तो बोहल्यावर उभा राहून आठवडा झाला होता. नव्या सूनबाईंनी ते ऐकलं. पुढचं मी सांगत नाही.

पण त्या वाट बघण्यातही काही गुण होता. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके ह्यांचं 'गीतरामायण' सुरू झालं. एकूण छप्पन्न गाणी, पण आठवड्याला नवं गाणं एकच. ते एक गाणं लोक आठवडाभर जिभेखाली धरून चघळत. आज तीच छप्पन्न गाणी एका बैठकीत ऐकता येतात, आणि तेवढ्यात आपण इस्त्रीचे कपडे मोजून दोन फोनही करतो.

गाण्याच्या औषधीकरणात सगळ्यांत पुढे गेलेले गृहस्थ म्हणजे आमच्या शेजारचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी रागांचा एक ग्रंथ मनातल्या मनात रचला आहे. पित्तावर एक राग, सांधेदुखीवर एक, रक्तदाब वाढला तर एक आणि उतरला तर दुसरा. जिन्यात मी गुडघा चोळताना दिसलो की ते वरूनच ओरडतात, "अहो, जौनपुरी ऐका! सकाळी, अनशापोटी!" त्यांचा आवडता दाखला म्हणजे मुसोलिनीचा. १९३३ साली पंडित ओंकारनाथ ठाकूर युरोपात गेले होते. तिथे निद्रानाशानं बेजार झालेल्या मुसोलिनीपुढे त्यांनी पूरिया गायला आणि हुकूमशहा गाढ झोपला, अशी आख्यायिका आहे. काका ती सांगताना स्वतः तंबोऱ्यावर असल्यासारखे सांगतात. मला एवढंच वाटतं, की उठल्यावर मुसोलिनीनं जे काही केलं ते बघता पंडितजींनी पूरिया आणखी दहा-बारा वर्षं लांबवायला हवा होता.

त्यांचा दुसरा दाखला बायबलातला. जुन्या करारातल्या शौल राजाचं मन बिथरलं की दावीद त्याच्यापुढे वीणा वाजवायचा आणि राजाला आराम पडायचा. काका इथवर येऊन थांबतात. पुढचं पान ते उलटत नाहीत. त्याच ग्रंथात पुढे असं आहे, की दावीद असाच वाजवीत बसला असताना त्याच राजानं त्याच्यावर भाला फेकला! वाद्य तेच, वाजवणारा तोच, रोगीही तोच. दिवस निराळा. जगातल्या ह्या जुन्या संगीतवैद्याला जो धोका होता तोच आज प्रत्येक गाणं सुचवणाऱ्याला आहे, फक्त भाले महाग झाले आहेत.

आणि रोगी निराळा असेल तर बघायलाच नको. आता माझंच घ्या. एक अतिशय गोड भावगीत आहे. नाव सांगत नाही, उगाच तुमचाही दात दुखायला लागेल. फार वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरांकडे मी दाढ काढून घेत होतो. रोग्याला शांत वाटावं म्हणून त्यांनी मंद आवाजात ते लावलं होतं. ध्रुवपद झालं, पहिलं कडवं झालं, आणि दुसऱ्या कडव्याला सूर वर चढला त्याच क्षणी डॉक्टरांनी पकड आवळली. भूल पुरती चढली नव्हती. तेव्हापासून ते गाणं कुठेही लागो, लग्नात, रिक्षात, गणपतीच्या मांडवात, दुसऱ्या कडव्याला माझी खालची उजवी दाढ ठणकते. ती दाढ आता तोंडात नाही, तरी ठणकते. लोक म्हणतात, "काय रसिक आहेत बघा, डोळ्यांत पाणी आलं!"

उलट आमच्या हिचं. तिला नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी समोरच्या हॉटेलात एक टुकार गाणं वाजत होतं. चाल चोरलेली, शब्द बेताचे, गाणाऱ्याचा घसा बसलेला. पण आजही ते लागलं की ती पोळी लाटायची थांबते आणि हसते. माझ्या डोक्यात ते गाणं शिरलं तर मला गोळी घ्यावी लागते. गाणं म्हणजे नुसते सूर नसतात. ते पाहुण्यासारखं सामानसुमानासकट येतं. पहिल्यांदा कुठे ऐकलं, कोण शेजारी होतं, खोलीत कसला वास होता, सगळं घेऊन येतं. तेव्हा दुसऱ्याच्या घरी हा पाहुणा पाठवण्यापूर्वी त्याच्या ट्रंकेत काय काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. आमच्या आईकडे बघून शिकलो.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, सांगलीचे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते तिथंच, १८४३ साली. आणि तेव्हापासून नाट्यसंगीतावर बोलणं आणि ते गाणं हा सांगलीकराचा जन्मसिद्ध हक्क आहे. दादा तो हक्क रोज सकाळी साडेसातला, दाढी करताना बजावीत. आवाज बरा होता. त्यांचं एक ठरलेलं पद होतं आणि त्या पदात एक अवघड जागा होती. तिथे ते घसरायचे. गालावर साबण, हातात वस्तरा, डोळे मिटलेले आणि तान कड्यावरून खाली. तीस-पस्तीस वर्षं, न चुकता. आणि स्वैपाकघरातून आईचा आवाज यायचा, "पडले!" त्यावर दादा आरशातल्या स्वतःला सांगायचे, "उद्या बघ." तो उद्या काही आला नाही.

१९८४ च्या जूनमध्ये दादा गेले. फार आजारी नव्हते, दोन दिवसांत सगळं आटपलं. आई रडली नाही. लोक तिला 'रड, मोकळी हो' म्हणत, ती मान हलवायची आणि आलेल्यांना चहा हवा का ते विचारायची. फक्त सकाळी साडेसात वाजले की तिच्या हातातलं काम थांबायचं. दूध उतू गेलं तरी थांबायचं. मग पुन्हा सुरू व्हायचं.

तेरावं झालं आणि वैद्य मंडळी यायला लागली. घरात टेपरेकॉर्डर होता, म्हणून सगळ्यांनी कॅसेटी आणल्या. मामानं भजनांची आणली, सगळी वैराग्याची. "अक्का, हे ऐक, देह नाशवंत आहे." ही गोष्ट आईला नुकतीच नीट समजली होती, ती पुन्हा दोन्ही बाजूंनी ऐकण्याची गरज नव्हती. आत्यानं उडत्या चालींची आणली. "वहिनी, जरा उल्हास वाटेल." आईनं एक गाणं ऐकलं आणि डोकं दुखतं म्हणून आत जाऊन पडली. समोरच्या बिऱ्हाडातल्या मंडळींनी तर खूप खटपट करून दादांच्या त्या पदाची कॅसेट भरून आणली, एका नामवंत गवयानं गायलेल्या. सगळे कौतुकानं बसले. ती अवघड जागा आली. गवई घसरला नाही. अशी सुरेख तान घेतली की दादा असते तर त्यांनी मांडीवर थाप मारली असती. आई उठली आणि परसात जाऊन उभी राहिली.

तिनं कुणाला काही बोलून दाखवलं नाही. कॅसेटी पुसून ट्रंकेत ठेवल्या आणि रात्री पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा टेपरेकॉर्डरवर एक टॉवेल टाकला.

त्या वर्षी मी दर महिन्याला मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सांगलीला खेप घालीत होतो. श्रावणातल्या एका दुपारी मी सोप्यात वर्तमानपत्र वाचत होतो. आई आत तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळानं त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. आई ओवी म्हणत होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, कऱ्हाडकडच्या एका खेड्यात पहाटे जात्यावर बसायची. आईच्या घरात जातं नव्हतं, पीठ गिरणीतून यायचं. पण सुपाला जात्याची लय सापडली होती. माहेर, भाऊ, गेलेली आई, वाटेवर पुढे निघून गेलेला माणूस, एकामागून एक ओवी येत होती. मी पान उलटलं नाही. कागद वाजला असता. आणि मग सूप थांबलं. दोन महिने सगळ्यांनी मिळून जे रडू आणायचा प्रयत्न केला होता ते कुणीही न बोलावता आलं.

जात्याचं एक बरं असतं. ते 'रडू नकोस' म्हणत नाही, 'धीर धर' म्हणत नाही. बाईनं काय गायचं ते बाईनं ठरवायचं आणि दगडानं ऐकायचं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर ह्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातली हजारावर खेडी पालथी घालून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. लाखावर! दुःखावरचा एवढा मोठा दवाखाना दुसरा झाला नसेल. वेळ पहाटेची, फी नाही, आणि परत येताना टोपलीभर पीठ.

पुढचे महिने मी जसे पाहिले तसे सांगतो. दीड-दोन महिने आई ओव्याच म्हणत होती. नवरात्रात तिनं स्वतःच्या हातानं टॉवेल काढला आणि सकाळची भक्तिगीतं लावली. तीही हळू, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाहीत अशी. संक्रांतीला गेलो तर भावगीत चालू होतं आणि आवाज थोडा वाढला होता. मामाची भजनंसुद्धा ट्रंकेतून बाहेर आली होती. आता ती तिला आवडत होती. आणि १९८५ च्या गुढीपाडव्याला, सकाळी साडेसातला, मी अंथरूण गुंडाळत होतो. आई भाकऱ्या थापत होती. थापता थापता तिनं दादांचं ते पद धरलं. मी आहे तिथेच थांबलो. ती त्या अवघड जागेपाशी आली आणि दादा घसरायचे तिथे, तशीच, तेवढीच घसरली. क्षणभर थांबली, आणि स्वतःच म्हणाली, "पडले!"

आणि हसली. मग पदरानं डोळे पुसले. तव्यावरची भाकरी करपली होती. आम्ही ती लोण्याशी खाल्ली आणि कुणी तक्रार केली नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या इस्पितळांमधून गाण्याच्या उपचारांना चांगलीच चालना मिळाली. १९४४ साली मिशिगनमध्ये त्याचा पदवीचा अभ्यासक्रमही निघाला. त्याच सुमारास इरा ऑल्टशुलर नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं एक तत्त्व मांडलं. रोग्याचं मन जसं असेल तसं गाणं आधी द्यावं, खचलेल्याला संथ, अस्वस्थाला अस्वस्थ. आणि मग पायरी पायरीनं गाणं बदलत त्याला हवं तिथे आणावं. एकदम उलट्या प्रकृतीचं गाणं दिलं तर मन ते आत घेतच नाही. ह्याला त्यांनी आयसो तत्त्व म्हटलं. आयसो म्हणजे समान. आईला हे तत्त्व श्रावणात तांदूळ पाखडताना सापडलं होतं, तेव्हा तिनं त्याला काही नाव दिलं नव्हतं.

खरं तर आपल्या ख्यालगायकीची बांधणीच अशी आहे. गवई आल्या आल्या तराणा मारून तुम्हांला उठवून बसवीत नाही. आधी विलंबित. तुम्ही ऑफिसातनं, गर्दीतनं, भांडणातनं आलेले असता. तुमच्या शेजारी तो स्वस्थ बसतो, एकेक सूर लावतो, आणि तुम्ही त्याच्याबरोबर चालायला लागलात की मग लय वाढवतो. द्रुत येईपर्यंत आपण मान हलवत असतो आणि घरी कशावरून वाजलं होतं ते विसरलेले असतो.

२०११ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी आणखी एक गंमत दाखवली. आवडत्या गाण्यात अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामीन नावाचं सुखाशी नातं असलेलं द्रव्य सुटतं. पण ती जागा यायच्या आधी, तिची वाट बघतानाच ते सुटायला लागतं. समेची वाट बघणाऱ्या कुठल्याही श्रोत्याला हे पटेल. आईची सम मात्र त्या घसरण्यावर होती. तीस वर्षं ती तिथे वाट बघत उभी असायची. त्या नामवंत गवयानं तिची समच चुकवली होती.

तेव्हा, काकांइतका मोठा नसला तरी माझाही एक छोटा बटवा आता तयार झाला आहे. गाणं लावण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, मन आत्ता कुठे आहे? कुठे असायला हवं ते नंतर. मन तळघरात असेल तर गच्चीवरून हाका मारणारं गाणं कामाचं नाही. आधी तळघरात उतरून शेजारी बसणारं गाणं हवं. मात्र त्यानं तिथे बिऱ्हाड करता कामा नये. एक-दोन गाणी झाली की जिन्याची एक पायरी चढायची. तेच ते रडवं गाणं रात्रभर उगाळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना वाटतं आपण मलम लावतोय. ते खपली काढत असतात. ह्या बाबतीत मोबाइलच्या भरवशावर राहू नये. एक दुःखी गाणं ऐकलं की ते यंत्र आणखी पन्नास तसलीच वाढून ठेवतं. दुकानदाराला गिऱ्हाईक बरं होण्यापेक्षा दुकानात थांबलेलं जास्त परवडतं.

आवडतं गाणं पहाटेच्या गजराला लावू नये. आठ दिवसांत त्या गाण्याबद्दल जो द्वेष निर्माण होतो तो भाऊबंदकीतही बघायला मिळत नाही. दवाखान्यात जायच्या आधी आवडतं गाणं ऐकावं, धास्ती कमी होते म्हणतात. पण पकड आवळताना कुठलं चालू आहे तिकडे लक्ष असू द्यावं. कधी कधी काहीच लावू नये. रिकामी खोलीही काही कमी औषधी नसते. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, उठावंसं वाटत नाही असं झालं तर गाणं पथ्य म्हणून चालेल, पण औषधाला खऱ्या डॉक्टरांकडेच जावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाय मोडला तर आपण भूपाळी म्हणत बसत नाही.

दुसऱ्याच्या बाबतीत माझा नियम एकच आहे. गाणं पाठवायचं नाही, विचारायचं. "काय ऐकशील?" ह्या दोन शब्दांत 'तुझं कसं चाललंय' हेही येतं, आणि उत्तर द्यायचं की नाही ते समोरच्याच्या हातात राहतं. भाच्यालाही मी हल्ली एवढंच विचारतो. परवा म्हणाला, "मामा, चौथी बरणी केलीय." मी घाबरलोच. पण तिच्यावर नाव होतं, 'जरा बरं'. आत एकच गाणं होतं. म्हटलं, एक तर एक. श्रावण लागला म्हणायचा.

संध्याकाळी दिवेलागणीला आमच्या घरीही हा प्रश्न होतो. चहाचे कप विसळून ही बाहेर येते, चष्मा पुसते, मोबाइल हातात घेते आणि विचारते, "काय लावू?" निम्मं औषध मला तिथेच लागू पडतं. मी खुशाल हात वर करून म्हणतो, "तुला आवडेल ते लाव. ते हॉटेलातलंसुद्धा चालेल. फक्त ते दाढेचं नको."